खाऱ्या वाऱ्यात टिकणारी केबल आणि तिचं पेटंट: निदानापासून सुनावणीपर्यंत

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून काढलेला टेलिफोन केबलचा एक हातभर तुकडा माझ्या टेबलावर कायम असतो. "न गंजणारी केबल बनवलीय, पेटंट घ्यायचंय" म्हणत कुणी आलं की मी तो तुकडा आणि एक कटर त्यांच्या पुढ्यात सरकवतो. बाहेरचं काळं पॉलिथिन अजून गुळगुळीत आहे, कुठे भेग नाही. ते उभं चिरलं की खाली ॲल्युमिनिअमची पातळ पट्टी लागते. पट्टी गुंडाळताना तिची एक कड दुसऱ्या कडेवर चढते. नेमकी त्या जोडाखाली पिठासारखी पांढरी भुकटी बसलेली आहे. त्याच्या आत पिवळसर जेली, बोटांना चिकटणारी. जेली पुसून तारांच्या जोड्या मोकळ्या केल्या की दहांपैकी दोन जोड्यांचं तांबं हिरवं पडलेलं दिसतं. बाकीच्या आठ जोड्या काल कारखान्यातून आल्यासारख्या लख्ख.

मग मी विचारतो, पाणी कुठून शिरलं, आणि दोनच जोड्यांपर्यंत का पोचलं? ज्याला या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या केबलबद्दल देता येतं, त्याचा अर्ज पेटंट कार्यालयाच्या परीक्षणात तग धरतो. "आमची केबल गंजत नाही" एवढंच ज्याच्याकडे आहे त्याला मी परत निदानाकडे पाठवतो. गंज न लागणं हा परिणाम झाला. पेटंट मिळतं ते त्या परिणामापर्यंत नेणाऱ्या रचनेला.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले छोटे कारखानदार, पॉलिटेक्निकचे विद्यार्थी आणि लाइनवर काम केलेले तंत्रज्ञ यांच्यासाठी हे लिहितो आहे. समुद्र केबलचं काय करतो हे यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नसतं.

आधी निदान: रंग वाचा

खराब केबल उघडली की तीन रंग शोधा. पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनिअम किंवा पत्र्यावरचं जस्त खाल्लं गेलं. हिरवा कळंक म्हणजे क्लोराइड तांब्यापर्यंत पोचलं. तांबडा गंज म्हणजे पोलादी आर्मरवरचं (केबलभोवतीच्या चिलखतावरचं) जस्त संपून लोखंड उघडं पडलं. कुठला रंग कुठे आणि किती लांबीवर आहे, याचं चित्र काढा, फोटो काढा, तारीख घाला. हीच वही पुढे परीक्षकाला उत्तर देताना कामी येते.

आपल्याकडच्या हवेचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, हे प्रत्येक घरातल्या मिठाच्या बरणीत दिसतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअमचे क्षार असल्याने ते त्याहून कमी आर्द्रतेलाही ओलं राहतं. उघड्यावरच्या केबलवरचं मीठ पावसाळ्यात धुऊन तरी जातं. पत्र्याच्या आडोशाला, जॉइंट बॉक्सच्या खाली, जिथे पागोळी पोचत नाही तिथे ते थरावर थर साचतं. म्हणून "पावसात टिकते" आणि "आडोशाला टिकते" या दोन वेगळ्या समस्या आहेत. तुमची रचना कुठली सोडवते ते ठरवा.

संदेशवहनाच्या केबलमध्ये नुकसान तार तुटण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. जेली भरलेल्या टेलिफोन केबलच्या जोडीची म्युच्युअल कपॅसिटन्स, म्हणजे दोन तारांमध्ये विद्युतभार साठण्याची क्षमता, साधारण ५२ नॅनोफॅरड प्रति किलोमीटर धरतात. पॉलिथिनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे तो पदार्थ ही साठवण किती वाढवतो त्याचं माप, २.३ च्या आसपास, पाण्याचा ८० च्या आसपास. आत पाणी शिरलं की कपॅसिटन्स वाढते, सिग्नल क्षीण होतो, लाइनवर खरखर येते, आणि त्या वेळी तांबं अजून शाबूत असतं. त्यामुळे तुमच्या मोजमापात केवळ गंजाचं वजन नको; कपॅसिटन्स, इन्सुलेशन रेझिस्टन्स (आवरणाचा विद्युतरोध) आणि कंडक्टर रेझिस्टन्स (तारेचा विद्युतरोध) हे तिन्ही हवेत. वीज वाहणाऱ्या केबलची जुनी पेटंटं तुमच्यासमोर ठेवली गेली, तर हाच फरक तुमची बाजू मांडतो.

कुणाला दाखवण्याआधी अर्ज

कोकणात माणूस काही नवं केलं की शेजाऱ्याला, सोसायटीला, जत्रेतल्या स्टॉलवर आनंदाने दाखवतो. पेटंटच्या बाबतीत हे महागात पडतं. अर्जाच्या तारखेआधी रचना लोकांसमोर आली असेल, तर ती नवी राहत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती. गावच्या मेळाव्यातला स्टॉल त्यात बसत नाही.

किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी कलम ३२ जरूर वाचावं. एखाद्या शोधाची चाचणी उघड्यावर घेणं त्याच्या स्वरूपामुळेच गरजेचं असेल, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षात अर्जदाराने किंवा त्याच्या संमतीने घेतलेली वाजवी चाचणी अर्जाच्या आड येत नाही. जेटीवर केबल टांगून एक पावसाळा काढणं हे याचं चपखल उदाहरण. पण ती चाचणीच होती हे कागदावर दिसायला हवं: जागा, तारीख, मोजमापाची वही, ज्यांच्या जागेत टांगली त्यांच्याशी गोपनीयतेचा साधा करार. आणि त्या काळात तीच केबल कुणाला विकली असेल, तर चाचणीचा दावा टिकणं कठीण.

मी सगळ्यांना एकच सांगतो: निदान आणि रचनेची कल्पना स्पष्ट झाली की प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक वर्णनाचा, अर्ज टाका, मग केबल जेटीवर न्या. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात. मे महिन्यात अर्ज टाकला, तर अख्खा पावसाळा आणि पुढचा हिवाळा चाचणीला मिळतो.

शोध: जुनं ते मेलेलं नसतं

पेटंटची मुदत २० वर्षांनी संपते, पण त्यातलं ज्ञान कायमचं "आधीचं ज्ञान" म्हणून उभं राहतं. हेव्हिसाइड यांचं कोॲक्शिअल रचनेचं (मधली तार आणि तिच्याभोवती नळीसारखा दुसरा वाहक) ब्रिटिश पेटंट १८८० चं आहे, ग्रॅहॅम बेल यांचं पिळलेल्या जोडीचं अमेरिकन पेटंट १८८१ चं. परीक्षक आजही ती पुढे ठेवू शकतो.

शोध मोफत घेता येतो. भारतीय पेटंट कार्यालयाची इनपास ही प्रणाली, युरोपची एस्पासनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची पेटंटस्कोप, शिवाय गूगल पेटंट्स. नुसत्या शब्दांनी शोधू नका. वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधा. ओलावा, गंज, रसायनं आणि हवामानापासून केबलच्या रक्षणासाठी एच०१बी ७/२८ हा गट आहे. पाणी आत शिरू न देण्यासाठी ७/२८२, मोकळ्या जागा भरून पाणी अडवण्यासाठी ७/२८५, आणि पाणी लागताच फुगणाऱ्या पदार्थांसाठी ७/२८८. संदेशवहनाच्या केबल एच०१बी ११ मध्ये येतात. पिळलेल्या जोड्या ११/०२, कोॲक्शिअल ११/१८. ७/२८ चा गट आणि ११ चा गट दोन्ही लागलेली कागदपत्रं आधी काढा. तुमचे सख्खे शेजारी तिथेच सापडतात.

एकदा एक तरुण माझ्याकडे तांब्याच्या तारेवर कथलाचा थर ही कल्पना घेऊन आला होता. मी त्याला विचारलं, आजीच्या पितळी पातेल्यात आमटी कळकू नये म्हणून कल्हईवाला काय करायचा? त्याच्या लगेच लक्षात आलं. कल्हई केलेली तांब्याची तार केबल उद्योगात फार जुनी आहे. पोलादावरचं जस्त, पेट्रोलिअम जेली, पॉलिथिन चिकटवलेली ॲल्युमिनिअम पट्टी, पाणी लागताच फुगणारा धागा, तांब्यावर पातळ संरक्षक थर धरणारं बेंझोट्रायझोल, हे सगळं ज्ञात आहे. यातला एखादा पदार्थ "वापरला" म्हणून पेटंट मिळत नाही. तो कुठे, कसा आणि दुसऱ्या कशाच्या जोडीने बसवल्यामुळे काय वेगळं घडलं, ते सांगावं लागतं.

स्पेसिफिकेशन: इथेच निकाल लागतो

समजावण्यासाठी एक उदाहरण रचतो. आपल्या निदानात पाणी ॲल्युमिनिअम पट्टीच्या चढत्या जोडातून शिरलं. समजा, फुगणारा धागा तिथे होता, तरी पाणी आत गेलं. का?

घरी करून बघा. बाळाच्या डायपरमधली पांढरी पूड दोन ग्लासांत थोडी थोडी घ्या. एकात विहिरीचं गोडं पाणी ओता, दुसऱ्यात मिऱ्याच्या समुद्राचं. पहिल्या ग्लासात बघता बघता सगळं पाणी घट्ट लगदा होऊन बसतं. ग्लास तिरका केला तरी हलत नाही. दुसऱ्यात पूड तळाशी जरा फुगते आणि वर पाणी डुचमळत राहतं. ही पूड म्हणजे सोडिअम पॉलिॲक्रिलेट. गोड्या पाण्यात ती आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरते. खाऱ्या पाण्यातले आयन तिची पाणी ओढण्याची ताकद मोडतात, त्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम तिच्या साखळ्या आणखी आवळतात. नेहमीच्या फुगणाऱ्या धाग्यावर बहुतेक असाच पदार्थ असतो. तो गोड्या पाण्यात चाचणी पास करून येतो आणि कोकणात उघडा पडतो.

समजा तुम्ही जोडाच्या नेमका खाली सल्फोनेट गटाच्या पॉलिमरचा धागा ठेवला, जो खाऱ्या पाण्यात त्या मानाने चांगला फुगतो, आणि त्याच थरात बेंझोट्रायझोल बसवलं. पाणी शिरलं की धागा फुगून वाट बुजवतो, फुगतानाच बेंझोट्रायझोल सोडतो, आणि तयार झालेला लगदा ते वाहून न जाऊ देता जागेवर धरतो. इथे दोन गोष्टी एकमेकींना मदत करतात. हा परस्परसंबंध तुमच्या शोधाचा गाभा.

आता क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगता ते वाक्य. "गंजरोधक, दर्जेदार व दीर्घायुषी संदेशवहन केबल" असा क्लेम मी कितीतरी मसुद्यांत पाहिला आहे. त्यात परीक्षकाला मोजता येईल असं काहीच नाही. त्याऐवजी: पिळलेल्या तांब्याच्या जोड्यांचा गाभा, त्याभोवती कडेवर कड चढवून गुंडाळलेली ॲल्युमिनिअम पट्टी आणि बाहेरचं आवरण असलेली केबल, वैशिष्ट्य असं की, चढत्या जोडाच्या आतल्या बाजूने, जोडाच्या संपूर्ण लांबीवर एक फुगणारा धागा आहे, ज्याच्या थरात सल्फोनेट गटाचा पॉलिमर आणि तांब्याचा गंज रोखणारं ट्रायझोल एकत्र आहे. हा पहिला, रुंद क्लेम; ट्रायझोल हे बेंझोट्रायझोलचं कूळ. दुसऱ्यात पॉलिमर आणि ट्रायझोलचं प्रमाण, तिसऱ्यात कडेवर चढलेल्या भागाची रुंदी मिलिमीटरमध्ये, चौथ्यात धाग्याची जागा. एकेक पायरी खाली उतरायला ठेवा.

हे पायऱ्यांचं मी जीव तोडून सांगतो, कारण सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक अर्ज यावरच गेला. कड किती चढवायची हे आम्हाला नीट ठाऊक होतं, वहीत आकडेही होते, पण स्पेसिफिकेशनमध्ये मी "पुरेशी चढलेली" एवढंच लिहिलं. परीक्षण अहवालात जवळचं जुनं पेटंट आलं. आकडा घातला असता तर आम्ही त्यापासून वेगळे झालो असतो. पण कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती ही मूळ मजकूर आवळण्यापुरती, चूक सुधारण्यापुरती किंवा खुलाशापुरती. त्यात नव्हतं ते नंतर आणता येत नाही. ज्याची कल्पना होती त्या माणसाने तीन पावसाळे त्यावर घालवले होते. तेव्हापासून मी अर्जदाराची मोजमापाची वही समोर उघडी ठेवल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही.

चाचण्या अशा आखा. मिठाच्या फवाऱ्याची प्रमाणित चाचणी ५ टक्के मिठाचं द्रावण ३५ अंश सेल्सिअसला फवारून होते. आर्मर आणि धातूच्या पट्ट्यांसाठी ती ठीक. पाणी केबलमधून लांबीच्या दिशेने धावतं का, हे बघायला केबलच्या तुकड्याच्या टोकाला १ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब २४ तास देतात. ही चाचणी गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यात करा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आणि नमुने चार घ्या: साधा धागा, फक्त नवा पॉलिमर, फक्त ट्रायझोल, दोन्ही एकत्र. चौथा नमुना दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या बेरजेपेक्षा सरस ठरला, तर तो तक्ता स्पेसिफिकेशनमध्येच घाला.

मूळ कागद मराठीत लिहायला मी नेहमी सुचवतो, कारण ज्याने केबल उघडली त्याच्या भाषेत निरीक्षण नेमकं उतरतं. मात्र अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच द्यावा लागतो.

अर्ज आणि मुदती

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे, म्हणजे अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाकडे जातात. सगळं ऑनलाइन भरता येतं. फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ स्पेसिफिकेशनचा, फॉर्म ५ शोध कुणाचा ते सांगणारा. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. त्यात ३० पानं आणि १० क्लेम येतात. लघुउद्योग म्हणून सवलत घ्यायची तर फॉर्म २८ जोडा.

अर्ज दिला म्हणजे परीक्षण आपोआप होत नाही, आणि इथे अनेकजण फसतात. फॉर्म १८ ने परीक्षणाची मागणी करावी लागते. फी ४,००० रुपये. १५ मार्च २०२४ पासून दिलेल्या अर्जांना यासाठी अग्रक्रम तारखेपासून (त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने मिळतात. पूर्वी ते ४८ होते आणि तोच आकडा अजून लोकांच्या डोक्यात आहे. मागणी केली नाही तर अर्ज मागे घेतला असं मानलं जातं. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा अर्जदारांत एक तरी स्त्री असलेल्या व्यक्तींना फॉर्म १८ए ने जलद परीक्षण मागता येतं, फी ८,००० रुपये. प्रसिद्धीनंतर कुणीही कलम २५(१) खाली हरकत घेऊ शकतो. परदेशात आधी अर्ज करायचा विचार असेल, तर कलम ३९ ची परवानगी घेतल्याशिवाय करू नका.

परीक्षण अहवाल आला की

पहिला अहवाल, ज्याला सगळे एफईआर (फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट) म्हणतात, बघून घाबरू नका. जवळपास प्रत्येक अर्जाला हरकती येतात. उत्तराला ६ महिने आहेत, आणि मुदत संपण्याआधी फॉर्म ४ दिला तर आणखी ३.

अहवालात जुनी कागदपत्रं डी१, डी२ अशी दिलेली असतात. आपल्या उदाहरणात डी१ म्हणजे जोडाशेजारी फुगणारा धागा असलेली वीजवाहक केबल, डी२ म्हणजे जेलीत ट्रायझोल मिसळलेली टेलिफोन केबल, असं समजू. नवेपणाच्या हरकतीला उत्तर सरळ आहे: पहिल्या क्लेममधला प्रत्येक घटक एकाच कागदात एकत्र आहे का? नसेल तर तसं घटकवार तक्त्यात दाखवा.

खरी लढाई इन्व्हेंटिव्ह स्टेपची, म्हणजे जाणकारालाही सहज न सुचणाऱ्या पावलाची, कलम २(१)(जेए) ची. परीक्षक म्हणेल, डी१ आणि डी२ एकत्र करणं केबलच्या कसबी माणसाला सहज सुचेल. सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात १९७८ मध्येच सांगितलं आहे की नुसत्या कारखान्यातल्या किरकोळ सुधारणेपेक्षा शोधात काही जास्त हवं. तेव्हा "डी१ वीजवाहक केबलचा आहे, डी२ मध्ये धागा नाही" असं दोघांना वेगवेगळं खोडण्यात अर्थ नाही. परीक्षकाने दोन्ही जोडले आहेत, तुम्हीही जोडूनच बोला. डी१ चा धागा डी२ च्या जेलीत ठेवला तर काय होतं? साधा धागा खाऱ्या पाण्यात पुरेसा फुगत नाही, वाट उघडी राहते, आणि ट्रायझोल सगळ्या जेलीत विखुरलेलं असल्याने जोडापाशी हवं तितकं मिळत नाही. दोन्ही कागदांत खाऱ्या पाण्याचा उल्लेखच नसेल, तर ही अडचण तिथे कुणाला दिसलीच नव्हती. मग तुमचा चार नमुन्यांचा तक्ता पुढे ठेवा. त्यानेही भागत नसेल, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्लेममधला आकडा पहिल्यात आणा. पायऱ्या त्यासाठीच ठेवल्या होत्या.

कशाला पेटंट मिळत नाही ते सांगणाऱ्या कलम ३ च्या हरकती केबलच्या अर्जांना हमखास येतात. ३(ई) म्हणेल, हे निव्वळ मिश्रण आहे. ३(एफ) म्हणेल, ज्ञात भाग शेजारी शेजारी मांडलेत आणि प्रत्येक आपापलं काम करतो. ३(डी) म्हणेल, ज्ञात पदार्थाचा नवा उपयोग. तिघांनाही उत्तर एकाच जागी आहे: धाग्याच्या फुगण्यामुळे ट्रायझोल सुटतं आणि लगद्यामुळे ते टिकतं, म्हणजे एकाशिवाय दुसरं हे काम करत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये हे लिहिलेलं असेल तर त्या परिच्छेदाचा क्रमांक द्या.

स्पष्टतेच्या हरकती, आकृतीतले क्रमांक, सह्या, अधिकारपत्र या गोष्टी निमूट दुरुस्त कराव्यात. त्यावर वाद घालत बसू नये.

सुनावणी

लेखी उत्तराने समाधान झालं नाही तर कंट्रोलर, म्हणजे पेटंट कार्यालयाचे निर्णय देणारे अधिकारी, कलम १४ खाली सुनावणी ठेवतात. ती व्हिडिओवर होते, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या माणसाला रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागत नाही. शोध लावणाऱ्याला मी शेजारी बसवतो. तारीख पुढे ढकलायची तर जास्तीत जास्त दोनदा, दर वेळी ३० दिवसांपर्यंत.

समोर तीन गोष्टी ठेवा: चार नमुन्यांचा तक्ता, दुरुस्त क्लेमची प्रत, आणि केबलचे दोन कापलेले तुकडे, एक जुन्या धाग्याचा, एक तुमचा. कॅमेऱ्यापुढे धरताना जोडाची बाजू वर ठेवा आणि पांढऱ्या भुकटीवर बोट ठेवूनच बोलायला लागा. सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस मिळतात. त्यात सुनावणीत मांडलेलंच लिहा. अर्ज फेटाळला गेला, तर आदेश मिळाल्यापासून ३ महिन्यांत कलम ११७ए खाली अपील करता येतं. २०२१ मध्ये अपील मंडळ बंद झाल्यापासून ते मुंबई कार्यालयाच्या अर्जांसाठी मुंबई उच्च न्यायालयात जातं. तोवर जेटीवरचा नमुना उतरवू नका आणि दर महिन्याची नोंद चालू ठेवा.